नापास झालेली बाग

अहवाल आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. पॅकहाऊसच्या अंगणात धुतलेले क्रेट उन्हात उपडे घातले होते आणि एखाद्याच्या कोपऱ्यात चिखल राहिलाय का ते मी बघत होते. फोन वाजला. पुण्याच्या प्रयोगशाळेची मेल होती. बारा बागांचे बारा अहवाल. मी तिथेच एका क्रेटवर बसले आणि एकेक उघडायला लागले.

पास. पास. पास. अकरा झाले. बारावा उघडला, शेवटच्या रकान्यातला शब्द वाचला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला, जणू आजूबाजूला काम करणाऱ्या बायकांना तो तिथून दिसणार होता. मग पुन्हा बघितला. बाग आक्कांची होती. एका कीटकनाशकाचा अंश फळांत सापडला होता आणि तो मर्यादेच्या बराच वर होता. ते कीटकनाशक आमच्या यादीतच नव्हतं. गटाने ते कधीच बंद करून टाकलं होतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. वडील आणि दोघे चुलते मुंबईला हमाली करायचे, घरी शेती पावसावर. मी शेतीची पदविका केली, लग्न होऊन आटपाडीकडे आले आणि धाकटी लेक शाळेत जायला लागल्यावर इथल्या डाळिंब शेतकऱ्यांच्या कंपनीत नोकरीला लागले. कंपनी म्हणजे बारा शेतकऱ्यांचा गट, पत्र्याचं एक पॅकहाऊस, माल निवडणाऱ्या पंधरा-वीस बायका आणि मी. माझ्या पदाचं नाव गुणवत्ता अधिकारी. दर आठवड्याला प्रत्येक बागेत जायचं, काय फवारलं आणि कधी फवारलं ते शेतकऱ्याच्या वहीत बघायचं, खाली सही करायची. काढणी जवळ आली की प्रयोगशाळेचा माणूस येतो, झाडाझाडांवरून फळं तोडून नमुना घेऊन जातो. अहवाल चांगला आला तर त्या बागेचा माल कंटेनरमध्ये चढतो आणि युरोपात जातो. वाईट आला तर बाग बाद.

ऐकायला सोपं आहे. पण बारा घरांचं वर्ष त्या कागदावर टांगलेलं असायचं आणि ते माझ्या डोक्यातून जायचं नाही. भाकरी थापताना नाही, लेकीचा डबा भरताना नाही. नमुने गेल्यापासून अहवाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत मला जेवण गोड लागत नसे. घरचे म्हणायचे, परीक्षा दिलीस काय तू?

बारा जणांत आक्का एकट्याच बाई. त्यांचे मालक गलाईच्या धंद्यात. दूर दक्षिणेत कुठल्या तरी गावात सोनं-चांदी गाळायचं दुकान. वर्षातून दोनदा गावी येणार. घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा मेंढरांचा. सासरे असेपर्यंत उन्हाळ्यात कळप कृष्णाकाठाला उतरायचा. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं कमी केली आणि ज्या माळावर ती चरायची तिथे आक्कांनी डाळिंब लावलं. शिक्षण चौथीपर्यंत. औषधांची नावं लिहिणं जमेना म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली. बाटली संपली की तिच्यावरचं लेबल पाण्यात भिजवून अलगद सोडवायचं आणि शिजलेल्या भाताच्या शितांनी वहीत चिकटवायचं. त्याखाली तारीख, किती टाक्या मारल्या ते, आणि त्या दिवशी वारा होता का नव्हता. वारा लिहिणारं गटात दुसरं कुणी नव्हतं. मी ती वही नव्या शेतकऱ्यांना दाखवायला घेऊन जात असे.

आणि नेमकी हीच बाग नापास.

मी आधी गटाच्या अध्यक्षांना फोन केला. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बोलण्यात अजून पलटण. दहा मिनिटांत मोटारसायकलवर हजर झाले.

"कुणाची गेली?"

मी सांगितलं.

"आक्कांची?" ते क्रेटच्या थप्पीला टेकून उभे राहिले. "मॅडम, नमुना बदलला नसंल ना? एखादं लेबल इकडचं तिकडं?"

"मी स्वतः उभी होते. पिशव्यांना सील माझ्यासमोर लागलं."

"मंग मारलंय त्यांनी. फुलकिडं वाढलं आसंल, घाबरल्या, दुकानात जाऊन काय घावलं ते आणलं आन्‌ मारलं. वहीत लिवलं न्हाई. सरळ हाय."

मला ते सरळ वाटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. कंटेनर भरायला नऊ दिवस होते. स्कूटर काढली आणि आक्कांच्या मळ्याकडे निघाले. वाटेत तीनदा ठरवलं की शांतपणे बोलायचं.

आक्का बागेत होत्या. फळांना घातलेल्या कापडी पिशव्या वर करून माल बघत होत्या. मला बघून हसल्या. "आज सोमवार न्हाई की. वाट चुकलासा व्हय?"

मी अहवाल सांगितला. त्या कीटकनाशकाचं नाव उच्चारून दाखवलं. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं.

"ह्ये नाव मला ठावंच न्हाई, मॅडम. म्या न्हाई मारलं."

"आक्का, ते आपोआप येत नाही."

"व्हय, पर म्या न्हाई मारलं."

"गड्यानं मारलं असेल. तुम्ही कुठे गेला असाल तेव्हा."

"फवारणीच्या ब्लोअरच्या म्होरं म्या सवता चालते. तुमास्नी म्हाईत हाय."

मला माहीत होतं. तरी मी बोलले. आज आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, "वही छान ठेवायची आणि वहीबाहेर फवारायचं, असं करणारे मी पुष्कळ बघितलेत."

आक्कांनी हातातली पिशवी फळावर नीट ओढली, तिची नाडी बांधली. मग घरात गेल्या, वही आणली आणि माझ्या हातात दिली. "न्या. बगा कुटं काय लपवलंय ते." एवढंच बोलल्या. पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

परत पॅकहाऊसवर आले तर अध्यक्ष खुर्ची टाकून माझीच वाट बघत बसलेले. त्यांनी सांगलीला फोन करून ठेवला होता. आमचा माल परदेशी पाठवणारे व्यापारी सांगलीचे. जैन घरातले, वयस्कर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. शब्दाचे पक्के आणि कागदाला फार जपणारे. आक्कांचा माल वजा केला तर कंटेनर भरत नाही आणि अर्धा कंटेनर पाठवणं कुणालाच परवडत नाही, हे अण्णांनी आधीच सांगितलं होतं.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "एक मार्ग हाय. माझी बाग पास हाय. माझा माल थोडा कमीच निघणार हाय. आक्कांचा माल माझ्या बागेच्या नंबरात चढवायचा. फळ तेच, गाव तेच. तिकडं हजार पेटीतली एखादी फोडून बघत्यात. टेन्शन घ्यायचं न्हाई."

"आणि तीच पेटी फोडली तर?"

"लाखात एक."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिथल्या तिथे. मी म्हणाले, "मला उद्यापर्यंत विचार करू द्या." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अकरा जणांचा माल अडकला होता, त्यांच्या घरातल्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या आणि अध्यक्षांचं बोलणं ऐकताना माझ्या छातीवरचं ओझं खरंच थोडं हलकं झालं होतं. स्कूटरवरून घरी जाताना मी पेट्यांवरचे नंबर कसे बदलता येतील याचा मनात हिशेबही केला. घरी पोचले तेव्हा त्या हिशेबाचीच भीती वाटायला लागली.

चहा ठेवला. लेक अभ्यासाला बसली होती. मी तिच्या शेजारी आक्कांची वही उघडली. मला काहीतरी लपवलेलं शोधायचं होतं, फाडलेलं पान, खोडलेली तारीख. तसं काही नव्हतं. लेबलामागून लेबल, सगळी ओळखीची. प्रत्येक पानाखाली माझी सही. शेवटून दुसऱ्या पानावर एक हिरवं लेबल होतं. कडुनिंबाच्या पानाचं चित्र, वर मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण वनस्पतीजन्य’, खाली ‘फळांत अंश राहत नाही’. आक्कांच्या अक्षरात तारीख, ‘तीन टाक्या, वारा न्हाई’. त्याच्याखाली माझी सही, आणि सहीच्या बाजूला माझ्याच हातची ओळ: ‘चालेल’.

मला ते दृश्य जसंच्या तसं आठवलं. महिन्यापूर्वी फुलकिडे वाढले होते. काढणी जवळ आलेली, त्यामुळे नेहमीचं औषध मारता येत नव्हतं. आक्का म्हणाल्या होत्या, दुकानदार ह्ये झाडपाल्याचं औषध देतोय, मारू का? मी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं होतं. मागच्या बाजूला परवाना क्रमांक दिसला नव्हता. मला वाटलं होतं, वनस्पतीजन्य आहे, त्याला कशाला लागतोय. उन्हात उभी होते, अजून दोन बागा करायच्या होत्या. म्हणाले होते, "निर्धास्त मारा." आणि दोन दिवसांत आक्कांनीच कौतुकाने सांगितलं होतं, लय भारी औषध हाय मॅडम, किडं पार झडलं. झाडपाल्याच्या अर्काने किडे दोन दिवसांत पार झडत नाहीत. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलेलंही होतं. त्या वेळी मला फक्त बरं वाटलं होतं.

लेक म्हणाली, "आई, चहा उतू गेला."

मी फोन घेऊन पास झालेले अकरा अहवाल पुन्हा उघडले. सकाळी मी फक्त शेवटचा रकाना बघितला होता. आता ओळ न्‌ ओळ वाचली. तीन अहवालांत त्याच कीटकनाशकाचं नाव होतं. अगदी थोडं, मर्यादेच्या आत, म्हणून पास. त्या तिघांना एकेक करून फोन लावला. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला फोनवर सरळ विचारलं तर तो सरळ सांगतो. तिघांनीही तीच हिरवी बाटली मारली होती, झाडपाल्याचं म्हणून वहीत न लिहिता, पण दिवाळीच्या आसपास. नमुना घेईपर्यंत मधे बरेच दिवस गेले होते. आक्कांनी उशिरा मारली, कारण किडे उशिरा आले आणि मी चालेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी अध्यक्षांकडे गेले. नंबर बदलायचे नाहीत हे सांगितलं आणि का ते सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे चूक तुमची."

"दुकानदाराची, बनवणाऱ्याची. आणि माझी."

"ह्ये गटापुढं बोलणार तुमी?"

"बोलावं लागेल. बाकीच्यांकडे अजून बाटल्या असतील."

"नोकरी जाईल, मॅडम. मी वाचवू शकणार न्हाई."

त्याच दुपारी गट जमवला. पॅकहाऊसच्या सावलीत बारा जण खाली बसलेले, निवडणाऱ्या बायका काम थांबवून मागे उभ्या. मी टेबलाला धरून बोलले. काय घडलं ते सांगितलं. माझी सही असलेलं पान दाखवलं. मग जो गलका झाला तो झाला. एक जण ओरडला, "आमी तुमच्या भरवशावर मारतो औषध! तुमीच असं केल्यावर आमी बगायचं कुणाकडं?" दुसरा म्हणाला, "दुकानदाराला धरून आणू." तिसरा म्हणाला, आता कंटेनरचं काय ते आधी बोला. मी सगळ्यांना उत्तरं देत होते, पण माझं लक्ष आक्कांकडे होतं. त्या एका बाजूला पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. गलका थोडा कमी झाला तेव्हा म्हणाल्या,

"मंग काल मला खोटं पाडलंसा, त्ये?"

मी म्हणाले, "चुकलं, आक्का. माफ करा."

त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा हातात सील न फोडलेली हिरवी बाटली होती. "दोन घेतल्या हुत्या. ही तशीच हाय. ह्याचं काय करायचं त्ये करा."

बाटली तालुक्याच्या कृषी कार्यालयात नेली. तिथल्या अधिकाऱ्याने पंचनामा केला आणि दुकानातल्या उरलेल्या मालाचा नमुना घेतला, पण सरकारी तपासणीला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही म्हणाला. आम्हाला थांबायला वेळ नव्हता. दुकानातली त्याच खेपेची दुसरी एक बाटली मी पावती घेऊन विकत घेतली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत स्वतः न्यायची ठरवली. दुकानदार पांढरा पडला होता. "ताई, मला कंपनीनं दिलं, मी विकलं. मला काय म्हाईत आत काय हाय." त्याचा चेहरा बघून मला राग येण्याऐवजी स्वतःचीच आठवण झाली.

दहिवडीमार्गे पुण्याला जाणारी एसटी पकडली. बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग जुन्या साडीच्या तुकड्यात, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा मांडीवर. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "लाडू हायती काय लेकीला?" मी हो म्हणाले. माहेरचा फाटा आला तेव्हा मी खिडकीकडे बघितलंच नाही. आईला कळलं असतं तर ती फाट्यावर येऊन उभी राहिली असती, आणि तिला काय सांगणार होते? सगळ्या वाटेत मनात एकच घोळत होतं. बाटलीत काहीच निघालं नाही तर? मग आक्का खोट्या ठरणार, आणि या वेळी सगळ्या गटासमोर. आणि निघालं तर मी. मला दोन्हीपैकी काय हवं आहे हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

निकालाला चार दिवस लागले. या चार दिवसांत अण्णांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. अण्णा सूर्यास्ताआधी जेवायला बसत आणि तेव्हा फोन घेत नसत, म्हणून मी दुपारीच लावला. सगळं सांगितलं, नंबर बदलायची गोष्ट सोडून. माझं संपल्यावर ते म्हणाले,

"ताई, एक विचारतो. आक्कांचा माल दुसऱ्या नंबरात घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

"घातला नाही."

"बरं झालं सांगितलंत. नाही आलं म्हणाला असता तर मी यापुढे तुमचा माल घेतला नसता." मग म्हणाले, "तिकडच्या खरेदीदाराला मी कळवतो. तीन बागांत थोडे अंश आहेत तेही कळवतो. तो काय म्हणेल ते म्हणेल. कंटेनर मी सोलापूरकडच्या एका गटाबरोबर जोडून बघतो. वचन देत नाही."

खरेदीदाराने तीन बागांचे नमुने पुन्हा मागवले. ते पुन्हा पास झाले. बाटलीचाही निकाल आला. कडुनिंबाचं त्यात नावालाही काही नव्हतं. ते बंद केलेलं कीटकनाशक पाण्यात मिसळून, हिरवा रंग घालून विकलं होतं. अहवाल वाचून मी आक्कांना फोन केला. त्या "बरं" म्हणाल्या आणि ठेवून दिला. कंटेनर सोलापूरच्या मालाबरोबर जोडून पाच दिवस उशिरा गेला. अकरा बागांचा गेला. आक्कांचा झाडावरच राहिला.

आता त्या मालाचं काय करायचं? अध्यक्षांना आक्कांबद्दल खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी एक व्यापारी पाठवला. तो बागेत फिरला, फळं बघून खूश झाला, उद्याच गाडी लावतो म्हणाला. इथल्या बाजारात अहवाल कुणी मागत नाही. मीही तिथे होते. आक्कांनी मला विचारलं नाही, त्याला विचारलं.

"ह्यो माल कुटं जाणार?"

"सांगली, कोल्हापूर. जाईल तिकडं."

"त्यात इखार हाय म्हनून परदेशात न्हाई चालला. मंग सांगलीतल्या लेकरांस्नी चालतंय व्हय?"

व्यापारी हसला. "आवं आक्का, सगळ्यांचा आसाच जातोय की."

"सगळ्यांचा जाऊ दे." त्या माझ्याकडे वळल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलत होत्या. "किती दिस थांबलं तर ह्ये जाईल?"

मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी परत तपासून बघू. तोवर फळं उकलतील, पाखरं खातील. नुकसान होईल."

"हुईल," आक्का म्हणाल्या. व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या तीन आठवड्यांइतके लांब दिवस मी काढलेले नाहीत. पाणी किती द्यायचं याच्यावर सगळं अवलंबून. जास्त झालं की फळ उकलतं, कमी झालं की दाणे सुकतात. मी रोज जायचे. आक्का कधी बोलायच्या, कधी नाही. सकाळी झाडाखाली उकललेली फळं पडलेली दिसायची, आतले लाल दाणे उघडे, त्यांवर मुंग्या. आक्का ती पाटीत गोळा करून खड्ड्यात पुरत. शेळ्यांनासुद्धा घालत नसत. मला एकदा वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एके दिवशी आभाळ भरून आलं आणि मी त्यांच्या बांधावर उभी राहून वर बघत राहिले. पाऊस झाला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं. संध्याकाळपर्यंत वाऱ्याने ढग औंधच्या बाजूला गेले. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

दुसरा अहवाल पास आला. माल साधारण निम्मा उरला होता, आणि तो इतका पिकला होता की जहाजाचा प्रवास सोसला नसता. सांगलीच्या बाजारात नेला. आक्कांनी माझ्याकडून अहवालाच्या झेरॉक्स करून घेतल्या आणि प्रत्येक पेटीत वर एक घातली. अडत्या म्हणाला, "आक्का, फळं खायची का कागद?" भाव इतरांना मिळाला तोच मिळाला, कागदाचं कुणी काही दिलं नाही. पण पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका फळवाल्याने त्याच बागेचा माल पुन्हा मागितला, हेही खरं.

माझी नोकरी राहिली. गटाने मतं घेतली तेव्हा दोघे जण मला काढावं म्हणाले. आक्का त्या बैठकीला आल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचं मत काय होतं ते मला कधी कळलं नाही. गटाने एक नियम केला: कुठलीही नवी बाटली, हिरवी असो की लाल, तपासून आल्याशिवाय बागेत न्यायची नाही. त्या खर्चावरून आणि उशिरावरून अजूनही कुरकुर होते, तीन सभासद गट सोडून गेले. दुकानदाराचा परवाना काही महिने बंद होता, मग सुरू झाला. ती बाटली बनवणाऱ्यांच्या पत्त्यावर अधिकारी गेले तेव्हा तिथे गाळा रिकामा होता.

आक्का पुढच्या बहराला माझ्याशी पहिल्यासारख्या बोलायला लागल्या. कधीपासून ते सांगता येणार नाही. एका सोमवारी मी गेले तर त्यांनी नातवाच्या बारशाचं निमंत्रण दिलं, एवढं आठवतं.

गेल्या महिन्यात गटातला एक नवा शेतकरी बागेत माझ्यामागे मागे फिरत होता. फुलकिडे वाढलेत, काढणीला पंचवीस दिवस आहेत, शेजारच्या गावात एक जण कसलीशी पावडर देतोय, मारू का? ती पुडी त्याने माझ्या हातात दिली. मी दोन्ही बाजू वाचल्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे? तुमास्नी म्हाईत न्हाई तर कुणाला असणार?"

"तपासायला पाठवते. आठ दिवस लागतील."

"आठ दिसांत किडं सगळं खाऊन टाकत्याल, मॅडम."

खरं होतं ते. मी त्या झाडांकडे बघितलं, शेंड्याची कोवळी पानं वळायला लागली होती. त्याला पिवळे चिकट सापळे लावायला सांगितलं, पाण्याचा फवारा मारायला सांगितलं आणि त्याचा उतरलेला चेहरा बघत पुडीवर तारीख घातली.